समदुःखींचे गट : गुण किती आणि गृहीत किती?

‘नैराश्याच्या रुग्णांसाठी समदुःखींचा गट हा मानसोपचाराइतकाच परिणामकारक असतो, हे आता संशोधनाने सिद्ध झाले आहे.’ व्याख्यानांतून, शिबिरांतून, माहितीपत्रकांतून हे वाक्य थोड्याफार फरकाने ऐकू येते. वाक्य दिलासा देणारे आहे. त्यात माणुसकी आहे, खर्च नाही आणि गोळ्याही नाहीत. म्हणूनच ते नीट तपासले पाहिजे. मनाला आवडणारे विधान आपण सहसा तपासत नाही, आणि विज्ञानशिक्षणाचा निम्मा भाग ही सवय मोडण्यातच जातो.

या विधानामागे मुख्यतः एक शोधनिबंध आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर येथील मनोविकारतज्ज्ञ पॉल फायफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०११ साली प्रसिद्ध केला. निबंध प्रामाणिक आहे आणि त्याची मांडणीही सावध आहे. मात्र निबंध जे म्हणतो आणि लोक जे ऐकतात त्यांत बरेच अंतर पडले आहे. हे अंतर मोजण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करणार आहोत. शिक्षकांच्या मासिकात या विषयाला जागा देण्याचे आणखी एक कारण आहे. ‘शाळेतही असे गट सुरू करा’ अशी सूचना आता शिक्षकांपर्यंत येऊ लागली आहे. चुकीच्या समजुतीने चालवलेल्या गटाची किंमत शेवटी एखाद्या मुलाला किंवा मुलीला मोजावी लागेल.

गट म्हणजे नेमके काय?

एकाच प्रकारच्या त्रासातून जाणारी आठ-दहा माणसे ठरावीक दिवशी, ठरावीक जागी गोलाकार बसतात. खुर्चीवर डॉक्टर नसतो. ज्याला बोलावेसे वाटेल तो बोलतो, ज्याला नको असेल तो नुसता ऐकतो. न मागता सल्ला द्यायचा नाही आणि येथले बोलणे बाहेर न्यायचे नाही, हे दोन नियम बहुतेक ठिकाणी असतात. गटाला दिशा देणारा जो असतो, तोही त्याच वाटेने गेलेला असतो.

ही कल्पना नवी नाही. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद हे दोन मद्यासक्त भेटले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. १९३७ साली शिकागो येथे डॉ. अब्राहम लो यांनी मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या माणसांसाठी ‘रिकव्हरी’ नावाची संघटना काढली. ऑस्ट्रेलियात १९५७ साली ‘ग्रो’ ही चळवळ सुरू झाली. नैराश्य आणि उन्माद-नैराश्य या विकारांसाठी अमेरिकेत १९८५ साली राष्ट्रीय स्तरावरची संघटना स्थापन झाली. आपल्याकडे पुण्याच्या ‘मुक्तांगण’ या १९८६ साली सुरू झालेल्या व्यसनमुक्ती केंद्रामुळे अशा गटांची ओळख अनेकांना झाली. १९९७ साली स्थापन झालेल्या ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ने पुण्यातच रुग्ण आणि नातेवाईक यांच्यासाठी काम सुरू केले. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने असे गट कसे चालवावेत याची मार्गदर्शक पुस्तिकाही काढली.

गटाने गुण यावा यामागे पटण्याजोगी कारणे आहेत. नैराश्यात माणूस स्वतःला एकटा आणि दोषी समजतो. ‘असे फक्त मलाच होते’ ही समजूत गटात पहिल्याच दिवशी ढिली पडते. नैराश्यात माणूस घराबाहेर पडणे टाळतो. गटामुळे आठवड्यातून एकदा तरी कपडे बदलून, बस धरून कुठेतरी जावे लागते. तिसरे कारण अधिक मनोरंजक आहे. फ्रँक रिसमन या अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली असे मांडले, की मदत करणाऱ्यालाच मदतीचा लाभ पुष्कळदा अधिक होतो. ‘माझा कुणाला उपयोग नाही’ असे म्हणणाऱ्या माणसाने दुसऱ्याला धीर दिला, की त्याच्याच समजुतीविरुद्ध पुरावा तयार होतो.

पण एखादी गोष्ट का घडावी हे सांगता येणे वेगळे आणि ती घडते हे दाखवणे वेगळे. तेव्हा आकड्यांकडे वळू.

निबंध काय सांगतो?

फायफर आणि सहकाऱ्यांनी स्वतः नवा प्रयोग केला नाही. आधी झालेल्या चाचण्या गोळा करून त्यांचे निष्कर्ष एकत्र केले. अशा कामाला संकलित विश्लेषण म्हणता येईल. चाचण्याही साध्या नव्हत्या. ज्यात कोणाला गटात घालायचे आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले होते, अशाच त्यांनी निवडल्या.

यांतून दोन तुलना पुढे आल्या. पहिली तुलना समदुःखींची मदत आणि नेहमीचे उपचार यांची. यात ७ चाचण्या आणि ८६९ माणसे होती. मदत मिळालेल्यांची लक्षणे अधिक कमी झाली. हा फरक ०.५९ प्रमाण विचलन इतका होता. दुसरी तुलना समदुःखींची मदत आणि तज्ज्ञांनी चालवलेला विचार-वर्तन उपचारांचा गट यांची. यातही ७ चाचण्या होत्या, पण माणसे फक्त ३०१. येथे फरक ०.१० इतकाच निघाला आणि तो संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय नव्हता.

०.५९ म्हणजे किती? दोन तुकड्यांच्या गुणांचे वितरण घंटेच्या आकाराचे आहे असे समजा. एका तुकडीची सरासरी दुसरीपेक्षा ०.५९ प्रमाण विचलनाने पुढे असेल, तर पुढच्या तुकडीतला मधला विद्यार्थी मागच्या तुकडीतल्या सुमारे ७२ टक्के मुलांच्या पुढे असतो. नैराश्य मोजण्यासाठी नऊ प्रश्नांची, ० ते २७ गुणांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. तीत प्रमाण विचलन ५ गुणांचे धरले, तर हा फरक ३ गुणांच्या आसपास येतो. फरक डोळ्यांत भरणारा नाही, पण क्षुल्लकही नाही.

येथपर्यंत ठीक आहे. आता शंका.

पहिली शंका : तुलना कशाशी?

नैराश्य बहुधा चढउतारांचा आजार आहे. हार्वी व्हाइटफर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, उपचार न घेतलेल्यांपैकी २३ टक्के लोक तीन महिन्यांत, ३२ टक्के सहा महिन्यांत आणि ५३ टक्के वर्षभरात आपोआप सावरतात. शिवाय माणूस गटात येतो तो बहुधा सर्वांत वाईट दिवसांत. त्यानंतरचे दिवस तुलनेने बरेच असणार! म्हणून ‘आमच्या गटातले निम्मे लोक वर्षात बरे झाले’ हे वाक्य कितीही खरे असले, तरी त्यावरून गटाचा गुण सिद्ध होत नाही.

हा मुद्दा वर्गात दाखवता येतो. साठ मुलांना प्रत्येकी दोन फासे टाकायला सांगा. ज्यांची बेरीज ४ किंवा त्याहून कमी आली त्यांना बाजूला बसवा. अशी साधारण दहा मुले निघतील आणि त्यांची सरासरी ३.३ च्या आसपास असेल. आता उरलेल्या वर्गाने त्यांच्यासाठी टाळ्या वाजवाव्यात आणि त्या दहा जणांनी पुन्हा फासे टाकावेत. या वेळी सरासरी ७ च्या जवळ जाईल, म्हणजे दुप्पट! हा टाळ्यांचा गुण का? नाही. सर्वांत कमी आकडेवाले आपण निवडून घेतले होते, म्हणून ते सरासरीकडे परतले. मग दहांपैकी पाच जणांसाठीच टाळ्या वाजवा आणि पाच जणांना तसेच ठेवा. दोन्हीकडची वाढ जवळपास सारखी दिसेल. तुलनागट कशाला हवा ते मुलांना लगेच कळते. अर्थात फाशाला आठवण नसते आणि मनाला असते, त्यामुळे माणसांत ही परतफेड एवढी पूर्ण नसते, पण असते.

फायफर यांनी निवडलेल्या चाचण्यांत तुलनागट होते. त्यामुळे ही आपोआपची सुधारणा दोन्ही बाजूंना सारखीच धरली गेली आणि वजाबाकीत निघून गेली. याचे श्रेय निबंधाला दिले पाहिजे. मात्र एक गोष्ट वजाबाकीत जात नाही. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणाला आणि पिठाची गोळी कोणाला, हे रुग्णापासून लपवता येते. गटाच्या बाबतीत ते अशक्य आहे. आपण गटात आहोत हे गटातल्याला ठाऊक असते आणि आपल्याला गट मिळाला नाही हे दुसऱ्याला ठाऊक असते. त्यात लक्षणांचे मोजमाप म्हणजे माणसाने स्वतः भरलेली प्रश्नावली. अपेक्षेचा आणि कोणीतरी आपली विचारपूस केल्याचा परिणाम या ०.५९ मध्ये मिसळलेला असणारच. तो किती, हे अशा चाचणीतून वेगळे काढता येत नाही.

शिवाय ०.५९ हा नेमका आकडा नव्हे. त्याची ९५ टक्के विश्वासार्हतेची मर्यादा ०.२१ ते ०.९८ आहे. म्हणजे जमलेला पुरावा ‘थोडासा उपयोग’ आणि ‘मोठा उपयोग’ या दोन्ही शक्यतांशी जुळतो.

दुसरी शंका : ‘फरक आढळला नाही’ म्हणजे ‘सारखेच’ का?

आता ज्या वाक्याने आपण सुरुवात केली त्याच्या गाभ्याकडे येऊ. ‘मानसोपचाराइतकाच परिणामकारक’ हा दावा दुसऱ्या तुलनेवर उभा आहे. सात चाचण्या आणि ३०१ माणसे म्हणजे एका चाचणीत सरासरी ४३, आणि एका बाजूला जेमतेम एकवीस-बावीस. एवढ्या लहान संख्येत मध्यम आकाराचा फरकही सहज निसटतो.

भंगारवाल्याच्या काट्यावर सोन्याच्या दोन अंगठ्या ठेवल्या आणि काटा हलला नाही, तर दोन्हींचे वजन सारखे असे कोणी म्हणणार नाही. ‘या काट्याला फरक कळला नाही’ एवढेच म्हणता येईल. सराफाच्या काट्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

येथे काटा किती जाडाभरडा होता तेही निबंधातच दिले आहे. ०.१० या फरकाची मर्यादा -०.२० ते ०.३९ अशी आहे. यातील धन बाजू तज्ज्ञांच्या उपचाराकडे झुकते. म्हणजे तज्ज्ञांचा उपचार ०.३९ ने सरस असण्याची शक्यता या पुराव्याने नाकारली जात नाही. गटाचा एकूण लाभच ०.५९ धरला आहे. त्याच्या दोनतृतीयांश इतका फरक नजरेआड राहू शकतो. निबंधाच्या लेखकांनी ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ असे बरोबर लिहिले. पुढे हे वाक्य तोंडातोंडी ‘दोन्ही सारखेच’ असे झाले. दोष निबंधाचा नाही, वाचण्याचा आहे. आणि ही चूक वर्तमानपत्रांतल्या आरोग्यविषयक बातम्यांत रोज सापडेल.

तिसरी शंका : समदुःखी म्हणायचे कोणाला?

संकलित विश्लेषणात निरनिराळ्या चाचण्या एका टोपलीत टाकल्या जातात. टोपलीत आंबे आणि चिंचा एकत्र असतील, तर सरासरी गोडी काढून काय उपयोग? ‘समदुःखींची मदत’ या नावाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी येतात, ते निबंधानंतर गाजलेल्या आणि त्याच्या आसपासच्या काही चाचण्यांवरून पाहू.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सिंडी-ली डेनिस यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, बाळंतपणानंतर नैराश्य येण्याचा धोका असलेल्या ७०१ माता होत्या. निम्म्या मातांना, स्वतः अशा नैराश्यातून बाहेर आलेल्या स्वयंसेविका फोन करीत. बारा आठवड्यांनी फोन मिळालेल्या मातांपैकी १४ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी २५ टक्के मातांत नैराश्याची लक्षणे होती. निकाल चांगलाच आहे. मात्र चोवीस आठवड्यांनी असा स्पष्ट फरक उरला नाही. आणि हा गट नव्हताच. दोन बायकांमधले टेलिफोनवरचे बोलणे होते.

गोव्यात ‘संगत’ या संस्थेने २०१४ ते २०१६ या काळात २८० गरोदर स्त्रियांना चाचणीत घेतले. घरी जाऊन मदत करणाऱ्या स्त्रियांना ‘सखी’ म्हणत. त्या त्याच वस्तीतल्या, मुले असलेल्या आया होत्या. स्वतःला नैराश्य येऊन गेलेले असावे अशी अट नव्हती. म्हणजे येथे ‘सम’ होते ते आईपण आणि परिस्थिती, दुःख नव्हे. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी सखीची मदत मिळालेल्यांपैकी ७३ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ६० टक्के स्त्रिया नैराश्यातून बाहेर आल्या होत्या. पण लक्षणांच्या तीव्रतेची सरासरी पाहिली तर दोन बाजूंत ठाम फरक दिसला नाही. याच पद्धतीची चाचणी पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात ५७० स्त्रियांवर झाली. तेथे सहा महिन्यांनी मुख्य निकषांवर फरक सिद्ध झाला नाही. दोन्ही निकाल २०१९ साली एकाच वेळी प्रसिद्ध झाले, हे संशोधकांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय.

झिंबाब्वेची राजधानी हरारे येथील ‘मैत्रीचा बाक’ हा प्रयोग सर्वांत प्रसिद्ध आहे. मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांच्या या उपक्रमात दवाखान्याच्या आवारातील लाकडी बाकावर वस्तीतल्या आज्या बसतात आणि अडचणी सोडवायची पद्धत टप्प्याटप्प्याने शिकवतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, २४ दवाखान्यांतील ५७३ जणांच्या चाचणीत सहा महिन्यांनी आज्यांकडे गेलेल्यांपैकी १३.७ टक्के, तर इतरांपैकी ४९.९ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे उरली होती. एवढा मोठा फरक क्वचितच दिसतो. या उपक्रमात समदुःखींचा गटही आहे. स्त्रिया एकत्र बसून पिशव्या विणतात आणि बोलतात. पण गट येतो तो आजीबरोबरच्या बैठकी झाल्यानंतर. आज्या प्रशिक्षित आहेत, आरोग्यव्यवस्थेशी बांधलेल्या आहेत आणि त्यांच्यावर देखरेख आहे. तेव्हा श्रेय बाकाचे, आजीचे, पद्धतीचे की गटाचे, हे त्या आकड्यातून वेगळे करता येत नाही.

महाराष्ट्रातही नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ हा उपक्रम ४१ गावांत राबवला गेला. गावातलेच स्वयंसेवक त्रासात असलेल्यांना ओळखत, त्यांच्याशी बोलत आणि गरज पडेल तेव्हा दवाखान्यापर्यंत व सरकारी योजनांपर्यंत पोचवत. कर्ज आणि मारहाण यांनी पिचलेल्या माणसाला नुसते ऐकून घेणे पुरत नाही, हे त्यात गृहीत धरले होते. आमच्या मते ते योग्यच होते.

अधिक गंभीर मनोविकारांसाठी समदुःखींच्या मदतीचा आढावा ब्रिन लॉइड-इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली घेतला. १८ चाचण्या आणि ५५९७ माणसे. रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण आणि लक्षणे यांवर परिणामाचा पुरावा फारसा मिळाला नाही. आशा, आत्मबळ, आपण सावरू अशी भावना यांबाबत थोडा लाभ दिसला.

गटाने अपाय होतो का?

‘बोलल्याने निदान नुकसान तर नाही’ असे सर्रास म्हटले जाते. हेही तपासायला हवे. अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली अमेरिकेतील तिसरी ते नववीच्या ६०८ मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन मैत्रिणी एकाच दुःखाविषयी पुन्हा पुन्हा बोलत राहतात, तेच तेच उगाळत राहतात, तेव्हा काय होते? त्यांची मैत्री अधिक घट्ट असल्याचे आढळले आणि त्याचबरोबर नैराश्याची व चिंतेची लक्षणेही अधिक असल्याचे आढळले. मुलींच्या बाबतीत हे एकमेकांना खतपाणी घालत राहते, असे त्यांच्या पुढच्या अभ्यासातही दिसले. म्हणजे गट ‘छान जमला’ हा गटाच्या गुणाचा पुरावा नव्हे.

आपत्तीनंतर माणसांना एकदाच बसवून अनुभव बोलायला लावण्याची पद्धत एके काळी फार लोकप्रिय होती. चाचण्यांचा आढावा घेतल्यावर तिने पुढचा मानसिक आघात टळत नाही, काहींना तर ती बाधते, असे दिसून आले. सद्हेतू हा पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आणखी एक गोष्ट आकड्यांत सहसा दिसत नाही. ज्याला गट मानवत नाही, तो येणे बंद करतो. वर्षअखेरीस प्रश्नावली भरायला उरतात ते मानवलेले. गटाच्या अहवालात ‘सर्व सदस्य समाधानी’ असे वाचले, की आम्ही प्रथम विचारतो : सुरुवातीला किती होते?

मोजपट्टीचाही दोष

एवढी चिकित्सा केल्यावर गटांवर फुली मारावी का? आमचे मत तसे नाही. चिकित्सा दोन्ही बाजूंनी व्हायला हवी. फायफर यांनी केवळ लक्षणांचे गुण मोजले. पण गटात येणारी पुष्कळ माणसे लक्षणे घटवायला येत नाहीत. औषधे चालू असतात, डॉक्टर असतो. हवी असते ती अशी एक जागा, जिथे ‘मनाला लावून घेऊ नकोस’ हे वाक्य ऐकावे लागणार नाही. त्या माणसाला आठवड्यातील दोन तास सुसह्य झाले, नोकरी टिकली, गोळ्या मध्येच सोडाव्याशा वाटल्या तेव्हा कोणी समजावले, तर या गोष्टी नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत येणार नाहीत. वाचनालयाचा उपयोग परीक्षेच्या गुणांनी मोजला तर थोडाच भरेल; म्हणून कोणी वाचनालय बंद करीत नाही.

मात्र मग दावाही तेवढाच करावा. सोबत म्हणून गट मोलाचा आहे. उपचाराला जोड म्हणून उपयोगी असण्याचा बरा पुरावा आहे. उपचाराऐवजी गट पुरतो याला आजवरचा पुरावा आधार देत नाही.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी सुमारे २.७ टक्के लोक त्या वेळी नैराश्याने ग्रस्त होते आणि त्यांतील शंभरांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नव्हते. एवढी मोठी दरी समोर असली, की ती फुकटच्या गटांनी भरून काढण्याचा मोह कोणत्याही शासनाला होईल. ‘गट उपचाराइतकाच चांगला’ हे वाक्य त्या मोहाला हातभार लावते. गोव्यातल्या सख्या काय किंवा हरारेच्या आज्या काय, त्यांच्यामागे प्रशिक्षण, देखरेख आणि गंभीर रुग्णाला पुढे पाठवण्याची वाट होती. ते वगळून नुसती खुर्च्यांची वर्तुळे उचलली, तर पदरी काही पडणार नाही.

मग शाळेने काय करावे?

बिहारमधील नालंदा जिल्ह्यात माध्यमिक शाळांतील ‘सेहेर’ नावाच्या उपक्रमाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काही शाळांत तो उपक्रम वेगळ्या नेमलेल्या समुपदेशकाने चालवला, काही शाळांत त्याच शाळेच्या शिक्षकांनी. हे समुपदेशक तज्ज्ञ नव्हते, थोडे प्रशिक्षण दिलेले सामान्य कार्यकर्ते होते. त्यांच्या शाळांत वातावरण सुधारले आणि मुलांमधील नैराश्याची लक्षणेही घटली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत असा परिणाम दिसला नाही. यात शिक्षकांना कमी लेखण्याचे कारण नाही. तपासायच्या वह्या, जनगणना आणि निवडणुकीची कामे सांभाळणाऱ्या शिक्षकावर हेही टाकून भागणार नाही, असाच आम्ही त्याचा अर्थ लावतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की नैराश्यग्रस्त विद्यार्थ्यांचा वेगळा गट शाळेने स्वतःच्या बळावर काढू नये. त्याने मुलांवर शिक्का बसतो आणि उगाळत बसण्याचा धोका राहतो. विद्यार्थ्यांची मदत मात्र वेगळ्या रीतीने घेता येते. पीटर वायमन यांनी अमेरिकेतील १८ माध्यमिक शाळांत केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, निवडक विद्यार्थ्यांना ‘अडचणीतल्या मित्राला विश्वासू मोठ्या माणसापर्यंत न्या’ हे काम शिकवले होते. दुःखाची चर्चा करायला सांगितले नव्हते. या विद्यार्थ्यांनी मित्रांना मोठ्यांपर्यंत पोचवण्याचे प्रमाण वाढले. ‘जिवाचा प्रश्न असेल तेव्हा गुपित पाळायचे नसते’ हे वाक्य प्रत्येक वर्गात एकदा तरी बोलले जावे.

शिक्षकांची एक भीती दूर करायला हवी. आत्महत्येविषयी विचारले तर मुलाच्या डोक्यात ती कल्पना शिरेल, असे अनेकांना वाटते. मॅडलिन गूल्ड यांनी न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांच्या २३४२ विद्यार्थ्यांवर ही गोष्ट तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, असा प्रश्न विचारलेल्या मुलांत ना अस्वस्थता वाढली, ना तसे विचार वाढले. तेव्हा शंका आल्यास एकांतात, शांतपणे, थेट विचारावे. मुलाला एकटे सोडू नये आणि पालकांना व डॉक्टरांना सामील करून घ्यावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ शाळेच्या फलकावर कायमचा लिहून ठेवावा.

आणि कोणी गटाची शिफारस घेऊन आले, तर पाच प्रश्न विचारावेत. तुलना कशाशी केली? किती माणसांवर? सुरुवातीचे किती जण शेवटपर्यंत राहिले? मदत करणारे कोण होते, त्यांना शिकवले कोणी आणि त्यांच्यावर लक्ष कोणाचे होते? गटातल्या एखाद्याची प्रकृती बिघडली तर त्याला कोठे नेणार? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे अपुरी असली तरी गट चालू शकेल. पाचव्याचे उत्तर नसेल, तर मात्र तो गट सुरू करू नये.